इनासभाऊंचा एस्टोनिया

एस्टोनिया नावाचा देश आहे हे मला शारजात कळलं. रोला चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, सहा जणांच्या खोलीत. सांगणारे इनास लोपीस, राहणार वसई, एका कार्गो ऑफिसात सामान बांधणारे. ते स्वतः त्या देशात कधी गेले नव्हते. तिथली भाषा त्यांना येत नव्हती. तरी दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता ते आम्हाला तिथे घेऊन जात आणि पाचच्या आत परत आणून सोडत.

हे आज लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीने एस्टोनियाचे तीन चित्रपट दाखवले. पहिल्याच चित्रपटात एक माणूस सिमेंटच्या उंच इमारतीत, स्वतःच्या दारासमोर, हातात किल्ली घेऊन उभा राहतो. किल्ली लावत नाही. वर कुणाचा तरी नळ चालू असतो, तेवढाच आवाज. शेजारी बसलेला माझा मित्र माझ्या कानाशी म्हणाला, "शहरी परात्मतेचा यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही."

मला त्या अंधारात तोंड लपवावंसं वाटलं. कारण 'नमुना' हाच शब्द मी सहा वर्षांपूर्वी छापला होता. चित्रपटातल्या माणसाबद्दल नव्हे, इनासभाऊंबद्दल.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील सोलापूरच्या गिरणीत, आणि संघटनेचं सायक्लोस्टाइल यंत्र आमच्याच घरात. मी वाचायला शिकलो तो 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. पत्रकाचे वडिलांनी घालून दिलेले नियम तीन. वाक्य छोटं हवं. उदाहरण खऱ्या माणसाचं हवं, नाव बदललं की झालं. आणि पत्रक छापून उपयोग नाही, ज्याच्याबद्दल आहे त्याच्या दारात ते पोचलं पाहिजे. हे तिन्ही नियम घेऊन मी तेविसाव्या वर्षी आखातात उतरलो. उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. राहायला शारजात.

पहिल्या दिवशी माझी लोखंडी पेटी उचलताना इनासभाऊंनी विचारलं, "काय रे, दगड आणलेस सोलापूरहून?"

"पुस्तकं आहेत. आणि पत्रकं."

"बरं झालं. इकडे दगड मिळतात, पत्रकं मिळत नाहीत." मग खोलीतल्या बाकीच्यांना म्हणाले, "यल्ला, जागा करा, पुढारी आले."

तेव्हापासून मी त्या खोलीत पुढारी झालो. इनासभाऊ मात्र मला सोलापूरकर म्हणत. चेष्टा करायची असली तरच पुढारी.

ते तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असतील. बुटके, खांदे रुंद, आणि हातांना कायम टेपचा वास. पंधरा वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: माणसं जे विकत घेतात ते खोक्यात, गोणीत, चादरीत बसवायचं, आवळायचं, ब्राउन टेप गुंडाळायची, पत्ता घालायचा. शेवटचा वेढा झाला की गाठोड्यावर दोन थापा मारून म्हणायचे, "खलास. जा बाबा घरी." गाठोड्याशीच बोलायचे.

त्यांची एक सवय मी दुसऱ्याच दिवशी पाहिली. टेप कापली की रिळावर उरलेलं टोक ते बोटभर दुमडून ठेवत. मी कारण विचारलं.

"पुढच्या माणसाला टोक सापडायला नको? नाहीतर तो नखाने खरवडत बसतो."

"पण पुढचाही तुम्हीच असता."

"मग मलाही सापडायला नको?"

खोलीतही तेच. टूथपेस्टचं झाकण, तांदळाच्या पिशवीचं तोंड, गॅसचं बटण, सगळं पुढच्या माणसासाठी तयार करून ठेवलेलं. आणि लिफ्ट. आमच्या इमारतीत चाळीस-पन्नास खोल्या, बारा भाषा, आणि लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे. इनासभाऊ आत शिरले की मोठ्याने गुड मॉर्निंग म्हणत. उत्तर आलं नाही तरी. दुपारीसुद्धा गुड मॉर्निंगच म्हणत, ते त्यांच्या जिभेवर बसलं होतं. आमच्याच खोलीतले, प्लंबिंगचं काम करणारे गुहागरचे राघो मयेकर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, तो माणूस बघतसुद्धा नाही तुमच्याकडे. कशाला घसा कोरडा करता?"

"लिफ्टमध्ये गप उभा राहिलो तर मी आणि पार्सल यात फरक काय, राघो? पार्सलवर निदान पत्ता तरी असतो."

आता ती कॅसेट.

तेव्हा रशियाकडून आणि आसपासच्या नव्या देशांतून बायका विमानं भरभरून खरेदीला येत. चादरी, चामड्याची जाकिटं, मिक्सर, जे सापडेल ते नेऊन तिकडच्या बाजारात विकत. इनासभाऊंचं ऑफिस त्यांच्यावरच चालायचं. त्यांत हेल्गी नावाची एक बाई होती. आखूड पांढरे केस, पूर्वी शाळेत शिकवायची. पहिल्यांदा आली तेव्हा इनासभाऊंनी सवयीने फॉर्मवर रशिया लिहिलं. तिने पेन काढून घेतलं, रेघ मारली आणि मोठ्या अक्षरांत एस्टोनिया लिहिलं. इनासभाऊ हे सांगताना खूश व्हायचे. "मला पण लोक मद्रासी समजतात. मी पण रेघ मारतो."

ती चार वेळा आली. चौथ्या खेपेला वजन जास्त भरलं. तिने सामान उघडून एक इस्त्री, एक जाडजूड पुस्तक आणि एक व्हिडिओ कॅसेट बाहेर काढली. शारजात तिच्या गावची कुणी राहत होती, तिला द्यायला आणली होती, ती भेटलीच नव्हती. हेल्गी म्हणाली, "इनास, तू ठेव. नेक्स्ट टाइम." मग कॅसेटकडे बोट दाखवून तिच्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माय सिटी. माय पीपल. नोबडी टॉक."

नेक्स्ट टाइम आलाच नाही. त्या देशांत पैशांची काहीतरी पडझड झाली आणि बायका यायच्या थांबल्या. इस्त्री आणि पुस्तक ऑफिसात राहिलं. कॅसेट इनासभाऊंनी खोलीवर आणली. तिच्यावर हेल्गीच्या शहराच्या नावासकट कार्गोचा टॅग लावलेला होता: 'हेल्गी, टालिन. मागून नेणार.' चित्रपट संपला की ते ती टॅगसकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवत. पाहायला हरकत नव्हती, पण वस्तू गिऱ्हाइकाची होती.

शुक्रवारी सकाळी ते मिसाला जात. आल्यावर इस्त्रीचा शर्ट न काढता मासे तळत. जेवण झालं की आम्ही गाद्या टीव्हीकडे ओढायचो. आमच्या टीव्हीवर ती कॅसेट काळी-पांढरी दिसे. खाली अक्षरं नाहीत, बोलणं कुणाला कळणारं नाही. इनासभाऊ टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसत, तोंड आमच्याकडे करून. पडद्याकडे ते क्वचितच बघत. त्यांना सगळं पाठ होतं.

चित्रपटात एक टोपीवाला माणूस आहे. नवव्या मजल्यावर राहतो. लिफ्टने उतरतो, ट्रॅमने जातो, बंदरावर काम करतो, परत येतो. एवढंच.

"आता लिफ्ट," इनासभाऊ सांगत. "ही कुत्रेवाली बाई. रोज भेटते. आज तो बोलणार, बघा. आज नक्की बोलणार... नाही बोलला."

मयेकर म्हणत, "बोलला की! ओठ हलले."

"ते कुत्र्याला. म्हणाला, तू बरा आहेस ना."

"कुत्र्याला मराठी कळतं?"

"तुला जेवढं कळतं तेवढं कळतं. गप बस."

पुढे टोपीवाला रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यात शिरतो. नंबर फिरवतो, कानाला लावून उभा राहतो, काही न बोलता ठेवतो.

"कुणाला केला?" हा प्रश्न कुणीतरी दर शुक्रवारी विचारायचंच.

"स्वतःच्या घरी."

"घरी कोण आहे?"

"कोण नाही."

"मग कशाला करतो?"

"वाजतोय का बघतो. घर आहे ना अजून, एवढंच बघतो."

आणि मग स्वयंपाकघर. तो माणूस टेबलावर वाटी ठेवतो. पहिला खण उघडतो, बंद करतो. दुसरा. तिसऱ्यात त्याला चमचा सापडतो. एक बाई ओट्याशी पाठमोरी उभी आहे. या ठिकाणी इनासभाऊंचा आवाज खाली यायचा.

"ही त्याची बायको. वाईट नाही हां, कुणी तिला वाईट बोलायचं नाही. चांगली आहे. सगळं तीच बघते. पोरींची शाळा, विहिरीचा पंप, सगळं. घर तिने नीट लावलंय. पण हा नसताना लावलंय ना. म्हणून याला चमचा कुठे ते ठाऊक नाही. विचारू शकतो. विचारलं तर ती देईल. पण स्वतःच्या घरात चमचा मागून घ्यायचा म्हणजे आपण पाहुणेच. म्हणून तो खण उघडत बसलाय. आणि मनात दिवस मोजतोय, परत जायचे. रजा साठ दिवसांची आहे, त्यातले एकेचाळीस झालेत."

मयेकर पायाचं बोट चोळत बसायचे.

कळायला हवं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. टालिनमध्ये राहणाऱ्या माणसाला साठ दिवसांची रजा कशी? तिथे विहिरीचा पंप कुठून आला? पण एकानेही कधी विचारलं नाही. सहा माणसं शुक्रवारी टोपीवाल्याच्या आड बसायची, आपापलं घर बघायची, आणि पाच वाजता चहा करायची. मयेकरांनी एकदाच विचारलं होतं, "पुढच्या वेळी सापडेल ना हो त्याला?" इनासभाऊ म्हणाले होते, "सापडेल की. इन्शाल्ला."

मला वाटलं, हे फक्त मलाच कळलंय. आणि कळलंय म्हणून लिहिलं पाहिजे.

मी तीन रात्रींत लेख लिहिला. नाव दिलं, 'चमचा कुठे आहे?' पुण्याच्या एका लहान साप्ताहिकाने तो छापला. भांडवल माणसाला आधी त्याच्या गावापासून तोडतं, मग त्याच्या घरापासून, मग त्याच्या चमच्यापासून, असं काहीतरी मी लिहिलं होतं. त्यातला जोर आजही मला पाठ आहे, आणि पाठ आहे याची लाज वाटते. नियमाप्रमाणे मी नाव बदललं. इनासचा जॉन केला. पण उदाहरण ठोस हवं म्हणून वसई ठेवली, कार्गो ठेवला, एस्टोनियाची कॅसेट ठेवली, दोन मुली, पंप, एकेचाळीस दिवस, सगळं ठेवलं. आणि लिहिलं: 'जॉन चित्रपट सांगत नाही, स्वतःला सांगतो. रजेवर तो घरी असतो तेव्हा त्याला शारजातल्या पलंगाची ओढ लागते. जॉन हा आपल्या काळाचा नमुना आहे.'

मग तिसरा नियम. ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या दारात पोचलं पाहिजे. रोलातल्या दुकानातून मी लेखाच्या साठ झेरॉक्स प्रती काढल्या आणि खोलीतल्यांच्या गावांकडच्या तीन वाचनालयांचे पत्ते मिळवले: गुहागरचं, साताऱ्याचं आणि वसईचं. आखातात गेलेल्यांच्या बायका, आया तिथे वाचायला येतात, त्यांनी हे वाचलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात. तीन गठ्ठे घेऊन मी गेलो इनासभाऊंच्या ऑफिसात. दुसरीकडे कुठे जाणार?

त्यांनी पेन कानावरून काढलं. "आत काय आहे?"

"छापील कागद."

"तुझं लिहिलेलं?"

"हो."

"कशावर?"

"कामगारांच्या प्रश्नावर."

"अरे वा!" त्यांनी मागच्या खोलीतून चांगलं, कोरं खोकं आणलं. "पावसात जाईल ते. कागद भिजला तर तुझे प्रश्न भिजतील." आधी प्लास्टिक घातलं, वरून टेपचे दुप्पट वेढे मारले. वसईच्या गठ्ठ्यावर पत्ता लिहिताना त्यांचा चेहरा उजळला. "हे वाचनालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. आमची रेजिना मासिकं आणायला जाते तिथे. तिला लिहितो, आमच्या सोलापूरकरचं आलंय, वाच."

मी काय बोललो? काही नाही. मी स्वतःला समजावलं, नाव बदललंय.

गठ्ठ्यावर दोन थापा पडल्या. "खलास. जा बाबा घरी." टेपचं टोक दुमडलं गेलं.

रेजिनावहिनींचं पत्र यायला दोन महिने लागले. मी त्या दिवशी कारखान्याच्या बसने परतलो तेव्हा इनासभाऊ पलंगावर बसले होते, एकटेच. त्यांनी पत्र माझ्याकडे केलं.

"वाच. तुझ्यामुळे आलंय, तुला वाचायचा हक्क आहे."

पत्र एका पानाचं होतं. मुलींचं बरं आहे. पंप दुरुस्त करून घेतला. वाचनालयात तुमच्या मित्राचा लेख वाचला, त्यांना सांगा, भाषा सोपी आहे. आणि शेवटी: 'तुम्ही गेल्यावर मी स्वयंपाकघर बदललं होतं, ते परत पहिल्यासारखं केलं आहे. चमचे तुम्ही ठेवायचात त्या खणातच ठेवले आहेत. आता विचारावं लागणार नाही.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचत असल्याचं नाटक केलं, कारण मान वर करायची नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"खोटं लिहिलंस का?"

"नाही."

"मग? खोटं असतं तर बरं झालं असतं रे. लिहिलं असतं तिला, की पोरगा आहे, काहीही लिहितो. पण खरं आहे. आता उत्तर काय लिहू?" त्यांनी पत्राची घडी घातली. "ती बाई पंधरा वर्षं त्या ओट्याशी उभी आहे. उजव्या हाताला जे लागतं ते तिने उजवीकडे ठेवलं होतं. ते सगळं तिने उलटं केलं, मी दोन वर्षांतून एकदा जाणार म्हणून. रोज सकाळी चमचा घ्यायला ती आता पलीकडे जात असणार. आणि रोज तिला आठवणार, का ते."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, हे लिहू नको म्हणून."

हे मी बोललो. खरंच बोललो. ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, एखाद्या गाठोड्याचं वजन डोळ्यांनी जोखावं तसे.

"मी तुला काही सांगितलंच नव्हतं, सोलापूरकर. मी टोपीवाल्याचं सांगत होतो."

त्या वर्षी त्यांची रजा होती. त्यांनी ती पुढे ढकलली. ऑफिसात काम फार आहे म्हणाले, पण त्या वेळी ऑफिसात माशा मारत बसायची वेळ आली होती. मयेकरांनी फारच खोदून विचारलं तेव्हा एकदा म्हणाले, "गेलो तर ती बघत राहील ना, याला चमचा सापडतो का म्हणून. आणि सापडला तर मला आनंद झाल्याचं दाखवावं लागेल. साठ दिवस कसं दाखवणार?"

शुक्रवारची कॅसेट बंद झाली. कुणी लावा म्हटलं नाही, कुणी का नाही म्हटलं नाही. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मयेकरांनी मला पुढारी म्हणणं सोडलं, मात्र. ते मला नावाने हाक मारू लागले, आणि ते फार लागायचं.

दोन-तीन महिन्यांनी मयेकरांनी पुढाकार घेऊन खोलीत नवा टीव्ही आणला, सगळ्या देशांच्या कॅसेट चालणारा. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला माहीत होतं. शुक्रवारी जेवण झाल्यावर तेच म्हणाले, "इनासभाऊ, ती बघू या का आज? नव्यावर कशी दिसते ते."

इनासभाऊ उठले. टॅग बाजूला सारून कॅसेट काढली, लावली. आणि येऊन आमच्यात गादीवर बसले. स्टूल रिकामं राहिलं.

तो चित्रपट रंगीत होता. आमच्या जुन्या टीव्हीला त्यांच्याकडचे रंग उमटवता येत नव्हते, एवढंच. लिफ्टमधल्या कुत्रेवाल्या बाईचा कोट लालभडक निघाला.

"आईशप्पथ!" मयेकर ओरडले. "ही तर लाल! इनासभाऊ, बघितलंत?"

"हो. लाल आहे."

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. आता बोलतील. लिफ्ट उतरली, टोपीवाल्याचे ओठ हलले, कुत्र्याने वर पाहिलं. ते बोलले नाहीत. फोनचं खोकं आलं. मयेकरांनी मुद्दाम विचारलं, "कुणाला केला हो?"

"काय माहीत," इनासभाऊ म्हणाले. "मला कुठे भाषा येते त्यांची."

स्वयंपाकघर आलं. पहिला खण. दुसरा. तिसरा. त्या खोलीत पहिल्यांदाच त्या माणसाचा खरा आवाज आम्ही ऐकला, कारण त्यावर आता दुसरा आवाज नव्हता. तो बायकोला दोन-तीन शब्द म्हणाला. ती मागे न वळता एक शब्द म्हणाली. काय म्हणाली देव जाणे. मयेकर उठले आणि चहा ठेवायला गेले. चार पण वाजले नव्हते.

पुण्याच्या त्या फिल्म सोसायटीत खाली इंग्रजी अक्षरं होती. मी तिन्ही चित्रपट डोळे फाडून वाचले. त्यांतली माणसं जे बोलतात ते असं: रेडिएटर गार आहे. दुकान किती वाजता उघडतं. तुझं पत्र खाली पडलंय. इतकं एकटेपण, आणि बोलणं हे असं. ज्यांनी ते चित्रपट केले त्यांनी त्या दाराशी उभ्या माणसाला काहीही विचारलं नाही. तो का उभा आहे हे आपल्यालाही सांगितलं नाही. फक्त तो उभा आहे तोवर दिवा चालू ठेवला. इनासभाऊंनी टोपीवाल्याला तसंच सांभाळलं होतं. त्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले, पण बोट कधी स्वतःकडे वळू दिलं नाही. मी ते बोट धरून वळवलं, आणि वर त्याला क्रांती म्हणालो.

मी अजूनही पत्रकं लिहितो. आखातातल्या खोल्यांबद्दल, जप्त केलेल्या पासपोर्टांबद्दल लिहिलंच पाहिजे, यावर माझा विश्वास आहे आणि तो ढळलेला नाही. पण उदाहरण लिहायला घेतलं की आता हात थांबतो. समोरच्याला विचारतो. बरेचदा तो नाही म्हणतो. पत्रक मग कमजोर होतं.

रेजिनावहिनींच्या त्या पत्रानंतर दोन वर्षांनी माझं काँट्रॅक्ट संपलं. तोपर्यंत खोली मोडली होती. मयेकर बायको-मुलांना घेऊन येऊ शकले आणि अल नहदा भागात एका नव्या इमारतीत फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्यांच्या खिडक्या आमच्याच कारखान्याच्या. इनासभाऊ ऑफिसच्याच मागच्या खोलीत झोपायला लागले. त्या दोन वर्षांत ते एकदा घरी जाऊन आले. साठांपैकी बावीस दिवसांत परतले. कसं झालं, कुणी विचारलं नाही, मीही नाही. तेवढं मला शिकता आलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुस्तकांचं खोकं घेऊन त्यांच्याकडे गेलो. दुसरीकडे जाता आलं असतं. या वेळी तसा विचार मनात आलाही होता.

काउंटरवर ते एकटेच होते. केस पांढरे झाले होते. मागच्या फळीवर हेल्गीची इस्त्री आणि ते जाडजूड पुस्तक तसंच होतं, आणि आता त्यांच्याशेजारी टॅगसकट कॅसेट.

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले. संध्याकाळचे पाच वाजले होते.

त्यांनी पेन कानावरून काढलं, फॉर्म ओढला. "आत काय?"

"पुस्तकं. आणि..." मला पुढचे दोन शब्द उच्चारता येईनात.

"छापील कागद," त्यांनी स्वतःच लिहिलं. मग पत्ता लिहिला, सोलापूर, पिन कोड. नावाच्या रकान्याशी पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ओळखत होतो त्या चार वर्षांत त्यांनी मला मारलेला हा एकच टोमणा, आणि तोही त्यांनी अगदी कामकाजाच्या आवाजात मारला.

"नाव खरंच लिहू ना? की बदलून?"

मी मान खाली घातली. त्यांनी नाव लिहिलं, माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. खोक्याला आधी प्लास्टिक, मग टेपचे दुप्पट वेढे. पावसाचे दिवस नव्हते.

दोन थापा पडल्या. खलास मात्र ते म्हणाले नाहीत, आणि जा बाबा घरी असंही नाही.

मी बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडून मागे पाहिलं. काचेच्या आत ते काउंटरवर वाकले होते. रीळ डोळ्यांजवळ धरून, नखाने टोक शोधून, ते बोटभर दुमडत होते.